गुळाचा उतारा

१२ नोव्हेंबर १९७३, सोमवार

आजपासून मी साहेब झालो. शिरोली एमआयडीसीतल्या क्रोम प्लेटिंगच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून रुजू झालो आणि संध्याकाळच्या आत केबिनवर पाटीही लागली: इ. च. अत्तार, बी.एस्सी. रंग वाळायच्या आत मी तिला बोट लावून पाहिलं आणि बोट निळं करून घेतलं. साहेबाला हे शोभत नाही, पण कुणी पाहिलं नाही.

आमच्या घराण्यात नोकरी करणारा मी पहिलाच. कागलला अब्बांचं अत्तराचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन फळ्या आणि एक काचेचं कपाट, पण चमनभाईंचं नाक सगळ्या तालुक्याला ठाऊक. ते नाक माझ्याकडे आलंय, आणि ही फुशारकी नाही. लहानपणी आंधळी कोशिंबीर खेळताना मी पोरांना वासावरून ओळखायचो, म्हणून मला कुणी खेळात घेत नसे. आमचं ठरलंय ते असं: दोन वर्षं नोकरी, मग दुकान. अब्बांना मोतीबिंदू झालाय, बाटल्यांवरची नावं दिसत नाहीत. म्हणतात, नाक शाबूत आहे तोवर अत्तरवाल्याचं डोळ्यांवाचून काही अडत नाही.

मला दुकान हवंय ते एका बाटलीसाठी. अम्मीसाठी अब्बांनी एक अत्तर बनवलं होतं, फक्त तिच्यासाठी, ते कधी विकलं नाही. ती जाऊन सहा वर्षं झाली, बाटलीत आता बोटभर उरलंय. त्यात काय काय आणि किती घातलं हे कुठं लिहिलेलं नाही आणि अब्बांनाही नीट आठवत नाही. तू आलास की हुंगत हुंगत पुन्हा बनवू, म्हणतात. हात त्यांचे, नाक माझं.

इथले वास लिहून ठेवतो, ही माझी जुनी खोड. गरम तेल, ओलं लोखंड, मागच्या शेतातल्या गुऱ्हाळाची काकवी, दारात उन्हानं तापलेलं डांबर. आणि टाकीपाशी एक धारदार वास, दात आंबवणारा. तो नवीन आहे, त्याला अजून नाव दिलेलं नाही.

१५ नोव्हेंबर

काम समजलं. शेडच्या मधोमध छातीएवढी खोल टाकी आहे. तिच्यात क्रोमिक आम्ल, रंग डाळिंबाच्या दाण्यासारखा. कामगार त्याला लाल पाणी म्हणतात. इंजिनाचे लोखंडी दांडे तांब्याच्या तारेनं बांधून त्यात सोडायचे आणि वीज सुरू करायची. काही तासांनी दांडा असा चकचकीत निघतो की त्यात बघून भांग पाडावा. पण वीज सुरू झाली की पाण्यातून बुडबुडे येतात आणि प्रत्येक बुडबुडा फुटताना बारीक फवारा उडवतो. तो फवारा विष आहे. कातडी खातो, नाक खातो, छातीत शिरला तर तिथंही हात राखत नाही. म्हणून टाकीच्या काठाशी एक मोठा पंखा आहे. तो फवारा ओढून छपराबाहेर टाकतो. पंखा चालू आहे तोवर काळजीचं कारण नाही.

माझ्याकडे पाण्याची परीक्षा आहे, आणि सुरक्षेची वही. रोज लिहायचं: पंखा चालू, हातमोजे घातले, टाकीजवळ कुणी काही खाल्लं नाही. खाली माझी सही. सही करताना बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

टाकीवर पिराजी असतो, पन्नाशीचा, कारखाना उघडल्या दिवसापासूनचा. बयाबाई दांडे पुसून कागदात गुंडाळते. हे दोघं मिळून बाकीच्या दहाबारा जणांना हाकतात. कुठलं पावणं, म्हणून पिराजीनं विचारलं. कागलचा म्हटल्यावर म्हणाला, मग घरचंच की.

मालक त्र्यंबकराव मवाळ गृहस्थ आहेत. त्यांची नवी पांढरी फियाट शेडच्या भिंतीलगत सावलीत उभी असते. छपरावरून उडालेल्या फवाऱ्यानं तिच्यावर पिवळे ठिपके पडतात, ते स्वतः रुमालानं पुसत असतात.

२१ नोव्हेंबर

इथं रोज दुपारी तीनला गूळ वाटतात. ओतकामाच्या कारखान्यांत धुळीवर उतारा म्हणून कामगारांना गूळ देतात, तीच चाल इथं आली. गुऱ्हाळावरची ढेप टाकीशेजारच्या फळीवर उघडीच असते. पिराजी ती हातोडीनं फोडतो आणि एकेकाच्या हातावर खडा ठेवतो. गुळानं लाल पाण्याचं विष उतरतं, यावर सगळ्यांचा एवढा विश्वास की शंका काढणाऱ्याची कीव करतील.

पिराजीची बोटं कायमची पिवळी झालीत. टाकीजवळ खायचं नाही हे रोज मीच लिहितो. पण त्यानं आज पहिला खडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, ‘खावा की सायेब, लाजताय काय!’ कॉलेजात माझा डबा उघडला की उठून दुसऱ्या बाकावर जाणारे मी पाहिलेत. इथं कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही. मला नाही म्हणवेना. गूळ फार चांगला होता.

३ डिसेंबर

आज मी भाव खाल्ला. गूळ वाटताना पिराजीनं विचारलं की तुमच्या पुस्तकात गुळाचं काय लिवलंय. मी परीक्षानळीत थोडं लाल पाणी घेतलं, त्यात गुळाचा खडा टाकला आणि दिव्यावर धरलं. फसफसलं, लालाचं तपकिरी झालं, आणि बघता बघता हिरवं. गूळ आम्लाचा जोर काढून घेतो, एवढंच. कॉलेजातल्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण सगळी शेड तोंडात बोट घालून बघत राहिली. बयाबाईनं तर माझी दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडली.

आवाज ऐकून त्र्यंबकराव आले. पुन्हा करा म्हणाले. मी पुन्हा केलं. म्हणजे गुळानं विष मरतं, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हटलं, नळीत तर मरतंच. ‘नळीत तर’ हे शब्द मी जरा हळू उच्चारले. टाळ्या चालल्या होत्या.

४ डिसेंबर

सकाळी पंखा बंद. बिघडला म्हणून बघायला गेलो तर पट्टाच काढून नेलाय.

त्र्यंबकरावांनी केबिनमध्ये येऊन सांगितलं की कालच्या प्रयोगानं माझी मोठी चिंता मिटवलीत. आता गुळाचा वाटा दुप्पट, पंख्याची गरज नाही, गाडीवरचे डागही थांबतील. मी म्हणालो, नळी वेगळी आणि माणूस वेगळा. त्यावर ते हसले. मग काल एवढ्या लोकांदेखत सांगितलंत ते खोटं होतं का, असं त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं. होय, खोटं होतं, एवढं म्हणायचं होतं. वहीत ‘पंखा चालू’ लिहिलं आणि सही केली. दोनचार दिवसांत पट्टा परत बसवून घेईन.

१६ डिसेंबर

सुट्टी होती, कागलला गेलो. अब्बांनी नेहमीसारखे माझे डोळे मिटायला लावले आणि अत्तरात भिजवलेल्या कापसाचे तीन फाये नाकाशी धरले. खस. हिना. तिसरा केवडा, आणि फसवायला त्यात थेंबभर मोगरा. तिन्ही ओळखले. अब्बांनी माझ्या पाठीवर अशी थाप दिली की ठसका लागला.

मग अम्मीची बाटली क्षणभर उघडली. आधी चंदन. मागून काहीतरी हिरवं, चुरगळलेल्या पानाचं. आणि बूच लावल्यावर, अगदी शेवटी, आणखी एक वास येतो, गार, माठाच्या बुडाशी येतो तसा. तो कशाचा, हे अब्बांना सांगता येत नाही. मला येईल. थोडा वेळ बसलो तर नक्की येईल.

पट्टा अजून बसलेला नाही. विचारलं की उद्या म्हणतात.

४ जानेवारी १९७४

पंधरा दिवस शिंका थांबत नाहीत. नाक वाहतं, आतून खपल्या निघतात, रुमालावर पिवळं आणि कधी लाल. सगळे म्हणतात, थंडीचं होतंय. मीही तेच म्हणतो.

आज दुपारी लाईट गेली. सगळी यंत्रं एकदम गप्प झाली. आणि त्या शांततेत मला शीळ ऐकू आली. बारीक, लांबट, कुणीतरी दातांतून हवा सोडावी तशी. आधी वाटलं हवेच्या नळीला गळती असेल. नळीवरून हात फिरवत गेलो, कुठं काही नाही. मग कळलं, शीळ एक नाही. डावीकडून एक, टाकीपलीकडून दुसरी, पाठीमागून दोन. सगळ्या एका संथ ठेक्यात वर जायच्या, खाली यायच्या. लोक आपले बिड्या ओढत बसलेले, कुणाचेही ओठ हलत नव्हते. पिराजी उठून पाणी प्यायला गेला आणि एक शीळ त्याच्याबरोबर चालत गेली.

मी घाबरलो. लिहायला लाज वाटते, पण केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं.

२० जानेवारी

कागल. तीन फाये. पहिला खस, ओळखला. दुसरा गुलाब म्हणालो, तो हिना होता. तिसऱ्याला काहीच नव्हतं. मला वाटलं अब्बा कोरा कापूस धरून थट्टा करतायत, म्हणून हसलो. अब्बा हसले नाहीत. सर्दी आहे, म्हणालो. अम्मीची बाटली त्यांनी उघडली नाही. सर्दी उतरल्यावर बघू, म्हणाले.

परत येताना एसटीत उजव्या हाताची बोटं बघितली. तर्जनीच्या पेराजवळ एक भोक पडलंय, गोल, स्वच्छ, खिळा ठोकून काढावा तसं. दुखत नाही. कधी पडलं तेही कळलं नाही.

२९ जानेवारी

पुन्हा लाईट गेली, पुन्हा त्या शिळा. या वेळी मी बयाबाईला विचारलंच. तिला माझ्या अडाणीपणाचं नवल वाटलं. ‘नाकं वाजत्यात की वो. हितं समद्यांची वाजत्यात. तुमचं अजून न्हाय व्हय?’

पिराजीनं मग मला शिकवायचं म्हणून दाखवलं. दांडे बांधायची तांब्याची तार घेतली, वीतभर. उजव्या नाकपुडीत घातली आणि डावीकडून बाहेर काढली. दोन्ही टोकं धरून इकडून तिकडं ओढली. सगळे हसत होते, त्यांना हा खेळ जुना होता. नाकाच्या मधला पडदाच नाही. भोकातून श्वास जातो आणि वाजतो. ‘पयल्यांदा रगत येतंय,’ पिराजी म्हणाला, ‘मग भोक पडलं की काय बी तरास न्हाय. दुखत न्हाय की काय न्हाय.’

मी बाहेर जाऊन ओकलो. ओकारीचा वासही आला नाही.

२ फेब्रुवारी

आज सगळ्यांना गोळा करून सांगितलं. गूळ काही करत नाही. तो पोटात जातो, फवारा नाकात जातो. दोघांची गाठ पडत नाही. उलट तुमच्या पिवळ्या बोटांनी, टाकीशेजारच्या ढेपेतून, विष पोटातही जातं. मी दाखवलं ते नळीत, दिव्यावर. माणसाच्या नाकात दिवा नसतो. माझी चूक झाली, हे हात जोडून सांगितलं. पंखा सुरू करा म्हणून आपण सगळे मिळून मालकाकडे जाऊ म्हणालो.

कुणी उठलं नाही. पंखा आला की गूळ जाणार, असं त्यांना वाटतं. आणि बयाबाई म्हणाली, ‘तुमीच दावलासा की, हिरवं झाल्यालं. आमी डोळ्यानं बघिटलंय.’ डोळ्यांनी बघितलेल्यापुढं माझं कोण ऐकणार? ते हिरवं पाणी मीच त्यांच्या डोळ्यांत घातलंय. तीन वाजता पिराजीनं पहिला खडा माझ्या हातावर ठेवला. मी घेतला नाही. सगळी शेड माझ्याकडे बघत होती. मग घेतला.

११ फेब्रुवारी

तपासणी. सरकारी तपासणीसाहेब येणार हे कालच कळवलं होतं, म्हणून पहाटे पट्टा बसवला. पंखा फिरला, सगळ्यांना नवे हातमोजे मिळाले, गाडी दूर नेऊन झाडाखाली उभी केली. तपासणीसाहेबांनी माझी वही चाळली आणि अक्षर सुंदर आहे म्हणाले. मी बोलायला तोंड उघडलं. त्र्यंबकरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हेच आमचे गुळाचा प्रयोग करणारे म्हणून ओळख करून दिली. साहेबांनी प्रयोग बघायला मागितला.

मी करून दाखवला.

साहेब गेले. पट्टा निघाला.

१८ फेब्रुवारी

कोल्हापुरात डॉक्टरांकडे गेलो. बत्ती लावून बघितलं. कुठं काम करता, विचारलं. सांगितलं. मग म्हणाले, आजच्या आज नोकरी सोडा. वास परत येईल का, मी विचारलं. त्यांनी औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाले, गेलेला पडदा पुन्हा येत नाही, वासाचं मात्र सांगता येत नाही. मग कागदाखाली उगाच दोन रेघा ओढत बसले.

२५ फेब्रुवारी

राजीनामा दिला. त्र्यंबकरावांनी अडवलं नाही. फक्त वही उघडून समोर ठेवली. पंखा चालू, सही. पंखा चालू, सही. पानंच्या पानं. उद्या कुणी काही विचारलं तर सही कुणाची आहे, एवढंच म्हणाले. रागावले नाहीत. आवाज मवाळच.

पाटीवरचं नाव पुसून घ्यायला मी स्वतःच रॉकेल मागितलं. वास आला नाही. रंग सुटून हात निळा झाला तेव्हा कळलं की ते रॉकेलच आहे.

निघताना पिराजीनं अख्खी ढेप बांधून दिली. घरच्यास्नी द्या म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मला त्याच्यावर रागावताही येईना.

३ मार्च

कागल. अब्बा फार खूश. दोन वर्षांचे साडेतीन महिने झाले म्हणून थट्टा करतात. मी काही सांगितलेलं नाही. सर्दी उतरली म्हणालो.

ढेपेचं फडकं सोडताच अब्बांनी तोंड फिरवलं. यात काहीतरी जळकं, धारदार आहे म्हणाले, फेकून दे. मग माझ्याजवळ आले, माझी मान हुंगली, केस हुंगले. तुझ्यातही तेच आहे, म्हणाले. आंघोळ कर.

दोनदा केली.

४ मार्च, सकाळ

अब्बांनी उजाडताच कपाट रिकामं केलं. सगळ्या बाटल्या चटईवर. चाचपून चाचपून ओळीनं लावल्या. आज अम्मीचं अत्तर करायचंच. तिची बाटली माझ्या हातात दिली आणि ते चहा ठेवायला आत गेले. काय काय लागतं ते लिहायला वही घेतली, ती हीच —

बूच काढलं. काही नाही.

बाटली हलवली. नाकाला टेकवली. काही नाही. पाणीसुद्धा नाही. पाण्यालाही वास असतो —

अब्बांनी आतून विचारलं, शीळ कोण घालतंय.

गल्लीत बघितलं. कुणी नाही. श्वास रोखला, शीळ थांबली. सोडला —

मी.

काडीला कापूस गुंडाळला. बाटली उपडी केली. उरलेलं सगळं त्यात. अम्मीचं आता बाटलीत काही नाही. उजव्या नाकपुडीत घातला. आत. अजून आत. लागत नाही. कुठंच काही अडत नाही —

कपांचा आवाज. अब्बा येतायत. विचारतायत, आलं का रे, ते शेवटचं, गार —

काय सांगू त्यांना — दुखत नाही — काडीचं टोक डावीकडून —